आधी सामू, मग क्लोरीन



शेतघराच्या पोहण्याच्या तलावाविषयीचे चिरंजीवाचे सविस्तर पत्र पोहोचले आणि ते वाचून मामाचे मन अस्वस्थ झाले. प्रश्न एका ओळीचा आहे : क्लोरीनच्या गोळ्या आठवड्याला किती टाकाव्यात. परंतु त्या ओळीच्या आधी चिरंजीवाने सहज लिहून टाकले आहे की मुलांचे डोळे लाल होऊ लागले, पाण्याला क्लोरीनचा उग्र दर्प येऊ लागला, म्हणून गेल्या आठवड्यापासून क्लोरीन अजिबात बंद केला आहे, आणि तरीही पाणी इतके नितळ आहे की तळाच्या फरश्यांचे सांधे काठावरून मोजता येतात. त्याच पाण्यात मुले रोज उतरत आहेत आणि येत्या शनिवारी सगळी मावस-चुलत पोरे सुट्टीसाठी तेथेच जमणार आहेत, हेही त्याच पानावर आहे. गोळ्यांचा आकडा एका ओळीत कळवता आला असता; परंतु ज्या समजुतीपोटी क्लोरीन बंद झाला ती समजूत तशीच राहिली तर तो आकडा मुलांच्या काहीच कामाचा नाही. म्हणून हे पत्र लांबणार आहे आणि ते चिरंजीवाने उभ्याउभ्या न वाचता बसून वाचावे.

प्रथम दर्पाविषयी. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनची घाम, लघवी आणि त्वचेवरचा मळ यांतील अमोनिया, युरिया अशा नत्रयुक्त द्रव्यांशी गाठ पडली की क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात, आणि त्यांपैकी ट्रायक्लोरामाइन हे पाण्यात फारसे न टिकता पृष्ठभागावरून हवेत निसटते, तेव्हा तो ओळखीचा दर्प येतो, डोळे चुरचुरतात आणि लहान मुलांना खोकल्याची ढास लागते. अशा रीतीने गुंतून पडलेल्या क्लोरीनला संयुक्त क्लोरीन म्हणतात, आणि जो अजून कोणाशी गुंतलेला नाही व जंतूंवर चालून जाण्यास मोकळा आहे, त्याला मुक्त क्लोरीन म्हणतात. संयुक्त क्लोरीन जंतुनाशक म्हणून फार मंद असतो. त्यामुळे उग्र दर्प हे क्लोरीन जास्त झाल्याचे नव्हे, तर पाण्यातील घाणीच्या मानाने मुक्त क्लोरीन अपुरा पडल्याचे लक्षण बहुधा असते. ज्या वेळी औषधाची सर्वांत जास्त गरज होती नेमक्या त्याच वेळी ते बंद झाले, आणि तेही अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माणसाच्या हातून, याचे मामाला फार वाईट वाटले. ‘आईने सांगितले म्हणून बंद केले’, असा खुलासा पत्रात आहे. परंतु ताईंनी लाल डोळे पाहून काळजी व्यक्त केली होती, क्लोरीनची मात्रा ठरवण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले नव्हते.

नितळपणाविषयीही असेच. वाळूचा फिल्टर तरंगते कण पकडतो, म्हणून पाणी नितळ दिसते. जिवाणू आणि विषाणू त्याच्या तुलनेत इतके सूक्ष्म असतात की ते वाळूतून आरपार जातात आणि लाखोंच्या संख्येने पाण्यात असले तरी डोळ्यांना काहीच दिसत नाही. नदी वाहते, विहिरीचे पाणी उपसले जाते आणि झरे ते पुन्हा भरून काढतात. घरगुती तलावाचे पाणी मात्र तेच ते असते, ते पंपातून फिरते, पण जात कुठेच नाही, आणि जो कोणी उतरेल तो त्यात काही ना काही सोडून जातो. याच कारणाने पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये मुक्त अवशिष्ट क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम पुरेसा मानला असताना तलावात तो १ ते ३ मिलिग्रॅम राखावा लागतो. अवशिष्ट याचा अर्थ असा की, समोर असलेली घाण संपवून झाल्यावरही जो शिल्लक उरतो आणि पुढच्या पोहणाऱ्याने आणलेल्या जंतूंसाठी सज्ज असतो तो. लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजेच दशलक्ष भागांत एक भाग, आणि पूलवाले त्यालाच एक पीपीएम म्हणतात. पुढील सर्व आकडे याच मापात आहेत.

आता मुख्य मुद्दा, ज्याचा चिरंजीवाच्या चार पानी पत्रात एकदाही उल्लेख नाही, तो सामूचा. सामू म्हणजे पीएच, अर्थात पाणी आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी हे सांगणारे माप. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९०९ मध्ये मांडले. ७ हा तटस्थ बिंदू, त्याखाली आम्ल आणि त्यावर विम्ल, आणि ही मोजपट्टी अशी आहे की एका अंकाच्या फरकाने आम्लतेत दहापट फरक पडतो, म्हणून ७.४ आणि ८.४ हे आकडे कागदावर शेजारी दिसले तरी पाण्यात ते फार दूर असतात. क्लोरीन पाण्यात पडला, मग तो गोळीचा असो, पावडरीचा असो वा द्रवरूप असो, की त्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनते, आणि या आम्लाचा काही भाग विघटित होऊन हायपोक्लोराइट नावाचा ऋणभारित आयन तयार होतो. जंतूंच्या पेशीत शिरून त्यांना चटकन मारणारे खरे हत्यार हायपोक्लोरस आम्ल हे आहे. ऋणभारित हायपोक्लोराइट त्याच्या मानाने कित्येक पटींनी दुबळा असतो. या दोहोंत वाटणी कशी व्हावी हे मुख्यतः सामू ठरवतो. साधारण २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन आम्लरूपात असतो, ७.५ ला जवळपास निम्मा, ८ ला सुमारे एक चतुर्थांश, आणि ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. क्लोरीनची चाचणी या दोन्ही रूपांना एकत्रच मोजते, म्हणून चाचणीत ‘२’ हा दिलासा देणारा आकडा दिसत असतानाही सामू चढलेला असेल तर पाण्यातला क्लोरीन बहुतांशी निकामी असतो. टाकलेले पैसे वाया जातात हे दुःख लहान आहे. घरातली मोठी माणसे त्या आकड्यावर विसंबून मुलांना पाण्यात सोडतात, हे दुःख मोठे आहे.

उलट सामू ७ च्या बराच खाली घसरला तर फरश्यांच्या सांध्यांतील सिमेंट झिजते, पंपाचे व शिडीचे धातूचे भाग गंजतात आणि डोळ्यांची आगही होते, कारण अश्रूंचा सामू ७.४ च्या आसपास असतो आणि त्यापासून पाणी कोणत्याही बाजूला दूर गेले की डोळा तक्रार करतो. म्हणून ७.२ ते ७.६ ही घरगुती तलावाची योग्य मर्यादा समजावी. मुलांच्या लाल डोळ्यांचे कारण क्लोरामाइन असेल, सामू असेल किंवा दोन्ही असतील. पण न मोजता त्यांपैकी कोणते ते ठरवणे कोणालाच शक्य नाही, मामालाही नाही.

चिरंजीवाच्या तलावाची परिस्थिती विशेष अडचणीची आहे आणि ती मुळशीच्या त्या उतारावर बोअर घेतला तेव्हापासूनची आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून येणारे बोअरचे पाणी सहसा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात, आणि त्यासोबत बायकार्बोनेटचे प्रमाणही अधिक असते. बायकार्बोनेटमुळे पाण्याला आम्ल पचवण्याची जी क्षमता येते तिला विम्लता म्हणतात. पूलवाल्यांच्या भाषेत तीच टोटल अल्कलिनिटी. ती ८० ते १२० पीपीएम असेल तर सामू स्थिर राहतो. त्याहून बरीच कमी असेल तर थोड्याशा आम्लानेही सामू कोसळतो, जसे कोकणात जांभ्या दगडातल्या मऊ पाण्याचे होऊ शकते. आणि ती फार जास्त असेल तर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जात राहतो व सामू हळूहळू, न थांबता, वर चढतो. त्यात तलाव नवा, दिवाळीतच भरलेला. नव्या सिमेंटमधून चुना सुटत असतो आणि तोही सामू वरच ओढतो. काठाजवळच्या निळ्या फरशीवर पाण्याच्या रेषेला बोटभर रुंदीचा पांढरा, खरखरीत पट्टा बसला असून तो घासूनही जात नाही, असे पत्रात लिहिले आहे आणि त्याचा दोष माळ्याच्या आळसाला दिला आहे. माळ्यावर हा अन्याय आहे. सामू, विम्लता आणि कॅल्शियम ही तिन्ही चढली की कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातून बाहेर पडून फरशीवर जमते, तोच हा पट्टा. पाणी चुना सोडणार की चुना खाणार याचा हिशेब करण्याची रीत कॅलिफोर्निया विद्यापीठातील लँजेलियर यांनी १९३६ मध्ये घालून दिली, आणि आजही जलशुद्धीकरणात त्यांच्याच नावाचा निर्देशांक वापरला जातो. माळ्याने कितीही ब्रश मारला तरी पाण्याचा स्वभाव बदलत नाही.

आता ज्या गोळ्यांची संख्या विचारली आहे त्यांच्याविषयी. दोनशे ग्रॅमच्या या गोळ्या ट्रायक्लोर नावाच्या द्रव्याच्या असतात. त्यात उपयोगी क्लोरीन सुमारे ९० टक्के असतो आणि त्याच्याबरोबर सायन्यूरिक आम्लही सुटते, ज्याला बाजारात स्टॅबिलायझर म्हणतात. उघड्या तलावात स्टॅबिलायझर हवाच, कारण त्याच्या आधाराशिवाय उन्हातील अतिनील किरण काही तासांतच बहुतेक क्लोरीन नष्ट करतात. ३० ते ५० पीपीएम स्टॅबिलायझर पुरेसा असतो, आणि तो असताना मुक्त क्लोरीन किमान २ ठेवावा लागतो, कारण स्टॅबिलायझर क्लोरीनला जपतो त्याचबरोबर त्याला धरूनही ठेवतो व त्याचा मारा मंद करतो. वर सांगितलेली सामूची वाटणीही अशा पाण्यात जशीच्या तशी लागू होत नाही. परंतु सामू सांभाळण्याची गरज त्यामुळे टळत नाही. खरी अडचण अशी की क्लोरीन खर्च होतो आणि स्टॅबिलायझर खर्च होत नाही; तो उन्हाने उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, केवळ पाणी बदलले तरच जातो. चिरंजीवाने कळवलेली मापे, आठ मीटर लांबी, चार मीटर रुंदी आणि सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोली, यांचा गुणाकार सुमारे ४५ घनमीटर, म्हणजे ४५ हजार लिटर होतो. एवढ्या पाण्यात एक गोळी सुमारे ४ पीपीएम क्लोरीन आणि जवळजवळ अडीच पीपीएम स्टॅबिलायझर सोडते. आठवड्याला तीन गोळ्या धरल्या, तर चार महिन्यांत स्टॅबिलायझर सव्वाशेच्या आसपास पोहोचतो; फिल्टरच्या बॅकवॉशमध्ये, म्हणजे वाळू उलट्या प्रवाहाने धुताना, जे पाणी वाहून जाते तेवढाच काय तो कमी. दिवाळीपासून गेल्या आठवड्यापर्यंत माळी अंदाजाने गोळ्या टाकत आला, म्हणजे आज तेथे किती साठा झाला असेल याची कल्पना करता येते. शिवाय या गोळ्या आम्लधर्मी आहेत, त्या सामू खाली ओढतात, तर बोअरचे पाणी आणि नवे सिमेंट तो वर ओढतात. या ओढाताणीत कोण जिंकले हे केवळ तर्काने सांगता येत नाही. म्हणून मामाचे आयुष्यभराचे म्हणणे पुन्हा एकदा लिहावे लागते, आणि ते चिरंजीवाने यापूर्वी कितीदा ऐकले आहे याची पूर्ण जाणीव ठेवून लिहावे लागते : मोजल्याशिवाय पाण्यात काहीही टाकू नये, आणि जे मोजले ते लिहिल्याशिवाय राहू नये.

या म्हणण्याला हट्ट म्हणण्याची घरात पद्धत आहे. परंतु या हट्टामागे मोठा इतिहास आहे. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये क्लोरीन वायू वेगळा काढला, आणि पुढे सव्वाशे वर्षे तो मुख्यतः कापड पांढरे करण्याच्या कामी येत राहिला. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले तेव्हा बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले, आणि ही घट दिसली ती केवळ त्यांनी मृत्यूंची महिनेवार नोंद काटेकोरपणे तपासली म्हणून. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे डॉ. लील यांच्या पुढाकाराने शहराच्या पाण्यात सातत्याने क्लोरीन देण्यास सुरुवात झाली, आणि पुढे जगभरच्या शहरांतून विषमज्वर व पटकी मागे हटले. महाराष्ट्रातही पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सार्वजनिक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन चाचणी करतो, पाण्याला पिवळा रंग आला की क्लोरीन पोहोचला असे समजतो आणि वहीत तशी नोंद करतो. वारीच्या वाटेवरच्या विहिरींचेही पालख्यांपूर्वी असेच शुद्धीकरण होते. ज्या तालुक्यात हा तलाव आहे तेथील एखाद्या वाडीची विहीरसुद्धा एका वहीची मालकीण आहे, आणि एवढा खर्च करून बांधलेल्या, इटलीहून मागवलेल्या दिव्यांनी उजळणाऱ्या तलावाला दोन रुपयांची पेन्सिल आणि शंभर पानी वही मिळू नये, हे मामाच्या मनाला लागते. ज्याने पाणी अडवून ठेवले त्याने त्या पाण्याची जबाबदारीही उचलली, हा नियम धरणाला जसा लागू आहे तसाच घरच्या हौदालाही लागू आहे.

मोजणी कशी करावी हे एकदा नीट समजून घ्यावे. पाणी पृष्ठभागावरून घेऊ नये, आणि फिल्टर केलेले पाणी जेथून आत येते त्या तोंडाजवळूनही घेऊ नये. कोपरापर्यंत हात बुडवून, चाचणीची नळी उलटी धरून खाली न्यावी व तेथे सरळ करून भरावी. नळी आधी त्याच पाण्याने खळबळावी. मुक्त क्लोरीनसाठी डीपीडी नावाची चाचणी वापरावी, ओटी नव्हे, कारण ओटीचा पिवळा रंग मुक्त आणि संयुक्त क्लोरीन यांत भेद करत नाही. डीपीडीची पहिली गोळी बोट न लावता नळीत टाकून चिरडली की पाण्याला गुलाबी रंग येतो, तो सावलीत पण दिवसाच्या उजेडात रंगपट्टीशी जुळवावा. हा मुक्त क्लोरीन. त्याच नळीत पुढची गोळी टाकल्यावर रंग आणखी गडद झाला तर वाढलेला फरक हा संयुक्त क्लोरीन. तो ०.४ च्या पुढे गेला असेल तर दर्पाचे कारण सापडले. येथे एक फसगत संभवते : क्लोरीन अतिशय जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर उमटून लगेच विरतो आणि नळी स्वच्छ दिसते, आणि न जाणणारा माणूस ‘शून्य’ असे लिहून आणखी क्लोरीन ओततो. गोळी पडताक्षणी नळीकडे पाहत राहिल्यास ही चूक टळते. सामूसाठी फिनॉल रेड हे द्रव्य वापरतात. त्याचा रंग पिवळ्याकडून नारिंगीकडे व पुढे लालाकडे जातो. विम्लता, कॅल्शियम आणि स्टॅबिलायझर यांच्या चाचण्या पंधरवड्यातून एकदा पुरतात. सामू आणि मुक्त क्लोरीन मात्र रोज, आणि सुट्टीच्या गर्दीत दिवसातून दोनदा.

आकडे हाती आल्यावरचा क्रम असा : आधी विम्लता, मग सामू, मग क्लोरीन. बोअरच्या पाण्यामुळे विम्लता बहुधा जास्त निघेल, ती खाली आणण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. या तलावात ती १० पीपीएमने उतरवण्यासाठी ३२ टक्के तीव्रतेचे साधारण ९०० मिलिलिटर आम्ल लागते, परंतु ते एकदम न ओतता थोडे थोडे, पंप चालू ठेवून, खोल बाजूला द्यावे आणि सामू ७.२ च्या खाली जाण्याआधी थांबावे. विम्लता चुकून कमी झाली तर खाण्याचा सोडा ती वाढवतो, १० पीपीएमला सुमारे पाऊण किलो. सामू मोठ्या प्रमाणावर चढवायचा असेल तेव्हाच धुण्याचा सोडा. सामू जाग्यावर बसला की क्लोरीनकडे वळावे. ४५ हजार लिटरमध्ये १ पीपीएम म्हणजे ४५ ग्रॅम शुद्ध क्लोरीन, जो ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या सुमारे ७० ग्रॅमने किंवा १० टक्क्यांच्या द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटच्या सुमारे ४५० मिलिलिटरने मिळतो. कॅल्शियमने आधीच जड झालेल्या या पाण्याला द्रवरूप प्रकार बरा. मात्र तो उन्हात व उष्णतेत झपाट्याने निर्बल होतो, म्हणून मे महिन्यात कॅन भरून ठेवण्याऐवजी ताजा आणि थोडाच आणावा. संयुक्त क्लोरीन मोडून काढण्यासाठी त्याच्या दहापट मात्रा एकाच वेळी द्यावी लागते. संयुक्त क्लोरीन ०.८ निघाला तर मात्रा ८ पीपीएमची. हे काम सूर्यास्तानंतर, तलाव झाकलेला नसताना करावे आणि मुक्त क्लोरीन ४ च्या खाली येईपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. स्टॅबिलायझर शंभराच्या वर निघाला तर मात्र एवढ्याने भागत नाही. क्लोरीन उतरू दिल्यावर निम्मे पाणी झाडांना सोडावे आणि मग नवे पाणी भरावे, टँकर महाग पडला तरी.

इतके सगळे कशासाठी, असे सूनबाई विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. मुक्त क्लोरीन १ पीपीएम, सामू ७.५ आणि तापमान २५ अंश असताना अतिसार घडवणारे ई. कोलाय जिवाणू एका मिनिटाच्या आत मरतात, काविळीचा अ विषाणू सुमारे १६ मिनिटांत, जिआर्डिया ४५ मिनिटांत; म्हणजे पाणी नीट सांभाळले असेल तर बहुतेक रोग एका मुलाकडून दुसऱ्याकडे पोहोचण्याआधी अडवले जातात. याला एक मोठा अपवाद आहे : क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी याच पाण्यात दहा दिवसांहून अधिक काळ तग धरतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात तो पिण्याच्या पाण्यात शिरला तेव्हा सुमारे चार लाख लोक आजारी पडले. म्हणून ज्या मुलाला जुलाब झाले आहेत त्याने, जुलाब थांबल्यानंतरही दोन आठवडे, तलावात उतरू नये, आणि त्याचे वाईट त्याच्या आईबापांनी मानू नये. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये कोमट गोड्या पाण्यातील अमीबा नाकावाटे शिरून मेंदूचा आजार झाल्याची जी प्रकरणे घडली ती चिरंजीवाने वाचली असतील. हा आजार अत्यंत विरळा आहे, पण त्यातून वाचणारे रुग्ण फार थोडे असतात, आणि नीट क्लोरीन राखलेल्या तलावात तो अमीबा टिकत नाही. उन्हाने तापलेले, आठवडाभर क्लोरीन न मिळालेले पाणी आणि त्यात सूर मारणारी नातवंडे हे चित्र डोळ्यांपुढून हटत नसल्यानेच पत्राला ही धार आली आहे. उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ, केसांचे तेल धुऊन काढणे आणि लघवीला जाऊन येणे हा नियम पाहुण्यांनाही लागू असावा. संयुक्त क्लोरीन कमी करण्याचा त्याहून स्वस्त उपाय नाही.

वाड्यामागच्या विहिरीत भोपळ्याची सांगड पाठीला बांधून घरातली सगळी पोरे पोहायला शिकली, तेव्हा कोणी सामू मोजला होता, असा युक्तिवाद चिरंजीवाच्या लेखणीतून येण्याआधीच त्याचे उत्तर दिलेले बरे. त्या विहिरीवर मोट चालत होती, पाणी रोज शेतात जात होते, आणि तरीही त्या एका श्रावणात काय घडले हे ताई कधी बोलत नाहीत म्हणून विसरले गेले, असे चिरंजीवाने समजू नये. धाकट्याचे नाव घेऊन हे पत्र अधिक जड करण्याची इच्छा नाही. मामाने पुढे जलशुद्धीकरण केंद्राची नोकरी धरली आणि रात्रपाळीला दर तासाला नमुना काढण्यात उमेदीची वर्षे घातली, त्याचे कारण घरात सर्वांना ठाऊक आहे.

आता शेवटची आणि सर्वांत तातडीची गोष्ट, जी पत्रात सर्वांत शेवटी, पंपघराच्या वर्णनात येऊन गेली : एकाच फळीवर आम्लाचे कॅन, क्लोरीनच्या गोळ्यांची बादली आणि पावडरीचा ड्रम ठेवला आहे, आणि माळी मोजण्यासाठी तिन्हींना एकच प्लॅस्टिकचा मग वापरतो. आम्लाचा क्लोरीनच्या कोणत्याही द्रव्याशी संयोग झाला तर क्लोरीन वायू सुटतो, आणि हा तोच वायू आहे जो १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून सोडला गेला. बंद, ठेंगण्या पंपघरात तो जमिनीलगत साचतो आणि मगासाठी खाली वाकलेला माणूस तो थेट छातीत ओढतो. गोळ्यांचे ट्रायक्लोर आणि पावडरीचे कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र झाले आणि त्यांना ओल लागली तरीही आग किंवा स्फोट होऊ शकतो. माळ्याला हे कोणी सांगितलेले नाही. तो वाचू शकत नाही आणि डब्यांवरचा मजकूर इंग्रजी आहे. त्याच्या जिवाची जबाबदारी चिरंजीवावर आहे. आम्ल वेगळ्या, हवेशीर जागी, कुलपात ठेवावे. प्रत्येक द्रव्याला स्वतंत्र, रंगाने ओळखता येईल असा मग असावा. द्रव्य नेहमी पाण्यात टाकावे, द्रव्यावर पाणी कधीही ओतू नये. दोन द्रव्ये एकाच बादलीत कधीही कालवू नयेत. आम्ल दिल्यानंतर पाणी तासभर तरी फिरू द्यावे आणि मगच क्लोरीन द्यावा. हे माळ्याला प्रत्यक्ष समोर उभे राहून करून दाखवावे, निरोपावर सोडू नये.

तेव्हा पत्र हाती पडताच आम्लाचे कॅन त्या फळीवरून हलवावेत, मुलांचे उतरणे थांबवावे, ताज्या डीपीडीच्या गोळ्या आणि फिनॉल रेड आणून सामू, मुक्त क्लोरीन, संयुक्त क्लोरीन, विम्लता आणि स्टॅबिलायझर यांचे आकडे त्याच दिवशी फोनवर कळवावेत. आठवड्याला किती गोळ्या, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांवर ठरेल, आणि बहुधा ते ‘काही काळ एकही नको, द्रवरूप क्लोरीनच द्यावा’ असे असेल. शनिवारपर्यंत आकडे जाग्यावर आले नाहीत तर पोरांना आमराईत खेळवावे, रुसली तरी चालतील. ताईंना नमस्कार, सूनबाईंना व मुलांना आशीर्वाद. वहीचे पहिले पान भरल्याचे कळल्याखेरीज इकडे चैन पडणार नाही.



मामा